पदकं वितळवा म्हणणाऱ्यांसाठी

पुण्यातल्या नाणेसंग्राहकांच्या ज्या ग्रुपवर मी अजून टिकून आहे, तिथे या महिन्यात दोन ठराव झाले. पहिला: इंग्रजांनी दिलेली युद्धपदकं म्हणजे गुलामीचे बिल्ले, ती बाळगू नयेत, वितळवावीत. दुसरा आठवडाभराने, त्याच मंडळींचा: मराठा सैनिकांची पदकं लंडनच्या लिलावात विकली जातात हा आपल्या वारशाचा अपमान आहे, ती परत आणा. परत आणून वितळवायची का, एवढंच मी विचारलं. उत्तर आलं, "तुम्ही तिकडचे. तुम्हाला नाही कळायचं."

तिकडचे! बरं.

मी बर्मिंगहॅमला राहतो. इथे कार बूट सेलमध्ये, म्हणजे गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकणाऱ्यांच्या बाजारात, पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल हाती आलं की जाणता माणूस राजाचा मुखडा बघत नाही, आधी कड बघतो. कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. 103, 110, 117 या मराठा पलटणी आजच्या इराकमधल्या कूटच्या वेढ्यात उपाशी अडकल्या आणि 29 एप्रिल 1916 ला शरणागतीनंतर कैदेत गेल्या. त्या मोहिमेत मेलेल्यांच्या बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांचे मात्र पलटणीखाली किती मेले एवढेच आकडे. म्हणजे साताऱ्याकडच्या एखाद्या पोराचं नाव दगडावर नाही, ते आहे दोन-तीन मिलिमीटरच्या चांदीच्या कडेवर. ती कड तुम्ही भट्टीत घालणार?

इथली माणसं असं नाव मिळालं की लंडनमधल्या क्यू या भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जाऊन पलटणीची युद्धडायरी काढतात. आपल्याकडे वजनकाटा काढतात. (1980 मध्ये चांदी भडकली तेव्हा इथल्यांनीही ही मेडलं ढिगाने वितळवली, हे मी ग्रुपवर सांगितलं नाही. कशाला सांगू?)

आणि गुलामीच दाखवायची असेल तर ती त्या धातूतच आहे. सैनिकाला चांदीचं मेडल. मजुरांच्या, हमालांच्या पलटणींना तेच मेडल ब्राँझचं. साहेबाने स्वतःच्या हाताने दिलेला पुरावा, आणि आपण तोच मोडीत काढायला निघालोय.

नंतर कोणी ठसा मारलेलं नाणं 'डॅमेज' म्हणून बाजूला सारणारेही हेच. 1903 ची एक पेनी आहे, तिच्यावर एडवर्ड राजाच्या थेट डोक्यावर 'बायकांना मताधिकार द्या' असं इंग्रजीत ठोकलेलं आहे. नाणं विद्रूप करणं तेव्हा गुन्हा होता. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आपल्या जुन्या रुपयांवर सराफांनी चांदी पारखून मारलेले ठसे मात्र खोट!

परत आणा म्हणणं सोपं आहे. 1972 च्या पुरावस्तू कायद्याने शंभरी उलटलेली अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. माझ्याकडची मेडलं एकदा मुंबईला उतरली की ती तिथलीच झाली, आणि मी सुट्टी संपली की इकडे. घराचं मॉर्गेज इथे, लेकीची शाळा इथे, आणि खरं सांगायचं तर जूनचा पाऊस सोडला तर तिथलं मला आता फारसं काही सोसतही नाही. दर वेळी बॅग भरताना मेडलांचा डबा बाहेर काढतो आणि पुन्हा कपाटात ठेवतो.

बायको विचारते, पुढे हे देणार कोणाला? लेकीला देवनागरी येत नाही. पण कडेवरची नावं साहेबाने रोमन लिपीतच ठोकली आहेत. ती तिला वाचता येतात. उच्चार चुकतात, ते मी सुधारतो.