टाचणी सापडली का?

मी चार वर्षं साडीच्या दुकानात उभी होते. 'नोकरीला होते' असं म्हणायला हवं, पण खरं सांगायचं तर कामाचा मुख्य भाग उभं राहणं हाच होता. साड्या दाखवणं अधूनमधून.

2009 ची गोष्ट. दुकान दादरचं, नाव लिहीत नाही. शेठ काही वाईट माणूस नव्हता. दिवाळीचा बोनस वेळेवर, कोणाच्या घरी दुखणंखुपणं असलं तर उचल द्यायला कधी खळखळ नाही. सकाळी दहाला शटर वर, रात्री नऊला खाली, मध्ये पोटमाळ्यावर अर्धा तास डबा. एवढ्या वेळात बूड टेकायचं ते डबा खातानाच.

साडीच्या घडीला टाचणी असते. साडी उलगडायच्या आधी ती काढायची, पदराला टोचून ठेवायची, परत घडी घातली की लावायची. दुपारी तीन ते पाच दुकानात माशा मारायची वेळ. तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात जुन्या बाई, त्यांना आम्ही आक्का म्हणायचो, मुद्दाम टाचणी खाली पाडायच्या. मग काउंटरमागे उकिडवं बसून ती शोधायची. दोन मिनिटं, तीन मिनिटं. आक्कांची सापडली की माझी पडायची, माझी सापडली की पलीकडच्या काउंटरवरची. ठरवलेलं कधी काही नव्हतं, पण पाळी कधी चुकली नाही.

2011 ला कॅमेरे बसले. पहिल्याच आठवड्यात काउंटरवरचा फोन वाजला. वरून छोटे शेठ. "आक्का, टाचणी सापडली का?"

बस, एवढंच. ओरडला नाही, पगार कापला नाही. त्या दिवसापासून टाचणी पडली की आम्ही ती पायाने बाजूला सारायला लागलो.

गंमत म्हणजे मी लागले तेव्हा पहिले काही महिने त्या दुकानात काउंटरच नव्हते. पांढरी बिछायत, भिंतीला लोड-तक्के. गिऱ्हाईक चपला काढून वर यायचं, ऐसपैस बसायचं, पोरगा चहा आणायचा. समोर विकणाराही मांडी घालून. बसल्या बसल्या पदर असा काही झोकात टाकायचे जुने लोक की साडी घ्यायला आलेली बाई सोबत दुसरी घेऊन जायची. मग नूतनीकरण झालं. काचेचे काउंटर, आरसे, एसी, आम्हाला एकसारख्या साड्या. गादी गेली आणि तिच्याबरोबर आमचं बसणंही गेलं. मालकाच्या खुर्चीला मात्र चाकं आली.

म्हणून "आपल्याकडे धंद्यात बसून चालत नाही हो" असं कोणी म्हणालं की मला हसू येतं. अहो, आपल्याकडे धंदा बसूनच चालायचा! माणूस दुकान 'मांडून बसतो', शेठ 'गादीवर बसतो'. उभं राहण्याची ही टूम शोरूमबरोबर आली.

आक्कांच्या पोटऱ्यांवर शिरा गांडुळांसारख्या फुगलेल्या होत्या. एकदा त्यांच्याबरोबर मी केईएम हॉस्पिटलमध्ये गेले होते, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फार सोपं करून सांगितलं. पायातलं रक्त वर ढकलायला पोटरीचा स्नायू पंपासारखा चालावा लागतो. माणूस चालला की पंप चालतो, एका जागी उभा राहिला की तो जवळजवळ बंद पडतो आणि रक्त खाली साचतं. म्हणजे दिवसभर चालणाऱ्या पोस्टमनपेक्षा दिवसभर काउंटरला टेकायचीही बंदी असलेल्या बाईचे पाय लवकर जातात. उपाय काय, तर "मधूनमधून बसत जा, पाय वर घेत जा." आक्का हो म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

आता मी एका ऑफिसात हिशेब बघते. दिवसभर बसून असते आणि पाठ दुखते म्हणून कुरकुरते. मागच्या महिन्यात आमच्याकडे कर्मचाऱ्यांच्या स्वास्थ्यावर एक सत्र झालं. खुर्चीचा टेकू कमरेला नेमका कुठे लागावा, कोपर किती अंशात असावं, सगळं पडद्यावर चित्रांसकट. सत्र तासभर चाललं आणि तो तासभर आमचा सिक्युरिटीवाला दाराशी उभा होता. वय साठीच्या आसपास असेल. खुर्चीबद्दलचं इतकं ज्ञान एका खोलीत मावत नव्हतं आणि खोलीबाहेर एक खुर्ची नव्हती. मी तरी तेव्हा उठून काही बोलले का? नाही.

कायद्यात हे कधी नव्हतंच असं नाही. 1948 च्या कारखाने कायद्यात, तो 2025 मध्ये रद्द होईपर्यंत, कलम 44 होतं. उभ्याने काम करावं लागणाऱ्या कामगारांसाठी बसायची सोय ठेवा, म्हणजे कामात उसंत मिळाली की त्यांना टेकता येईल. पण तो कारखान्यांचा कायदा, दुकानांना लागू नव्हता. तिकडे ब्रिटनमध्ये 1899 साली खास दुकानातल्या बायकांसाठी कायदा झाला होता, तीन बायकांमागे किमान एक बैठक. एकशे पंचवीस वर्षं होऊन गेली की त्याला!

आपल्या देशात हे घडवलं केरळच्या बायकांनी. कोझिकोडची मिठाई गल्ली म्हणजे त्यांची मोठी बाजारपेठ. तिथल्या दुकानांत काम करणाऱ्या बायका आधी संडासासाठी भांडल्या, मग बसायच्या हक्कासाठी. 2018 मध्ये केरळ सरकारने दुकानांचा कायदा बदलून कामाच्या जागी बसायची सोय सक्तीची केली. 2021 मध्ये तमिळनाडूनेही तेच केलं. साड्यांच्या अवाढव्य दुकानांचं राज्य ते, तिथे हे होऊ शकतं.

संडासाचं वाचून मला आमचे दिवस आठवले. दुकानातला संडास वरच्या मजल्यावर, 'घरच्यांसाठी'. आम्ही गल्लीच्या टोकाच्या सार्वजनिक शौचालयात जायचो. जाताना सांगून जायचं, आल्यावर सांगायचं. त्यापेक्षा दुपारी दोननंतर पाणीच प्यायचं नाही, हा सोपा मार्ग सगळ्यांनी पत्करलेला. त्या पाण्याची किंमत प्रत्येकीने नंतर कुठे ना कुठे मोजलीच. ते इथे लिहीत नाही.

आणि आपला महाराष्ट्र? जिथे नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मिळवली, 10 जून 1890 ला. त्याआधी एप्रिलमध्ये मुंबईत झालेल्या सभेला दहा हजार कामगार जमले होते आणि दोन कामगार बायका त्या सभेत बोलल्या होत्या. 1890 मध्ये! रविवारी दुपारी आडवे होताना आपल्याला वाटतं, ही सुट्टी पंचांगातच लिहिलेली होती. तेव्हाही मालकांकडचा युक्तिवाद आजच्यासारखाच असणार, की धंदा बुडेल. गिरण्या त्यानंतर शतकभर चालल्या आणि बुडाल्या तेव्हा रविवारमुळे बुडाल्या नाहीत.

2017 चा आपला दुकाने कायदा आला आणि दुकान वर्षभर उघडं ठेवायची मुभा मिळाली. आठवड्याची सुट्टी प्रत्येकाला द्यायचीच, पण पाळीपाळीने. ओळखीच्या मुली सांगतात, लग्नसराईत ही पाळी बरोबर विसरली जाते. पूर्वी बाजार बंद म्हणजे बंद, शटरच खाली, विसरणार काय? 2025 च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकानांतले रोजचे तास नऊवरून दहा करायला मंजुरी दिली. तेव्हा तासांवर भरपूर वाद झाले, व्हायलाच हवेत. पण ते दहा तास पायांवर काढायचे की बुडावर, हे मला कोणी विचारलेलं दिसलं नाही. एक ओळ घाला त्या कायद्यात. तमिळनाडूची उचला, भाषांतर करा, चालेल.

दुकानदार मित्रांनो, तुमचं म्हणणं मला पाठ आहे. बसलेला माणूस आळशी दिसतो, गिऱ्हाईक आत आलं आणि मुलगी बसलेली दिसली तर ते नाराज होतं. यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही, कारण ते गिऱ्हाईक मीच आहे. मागच्या वर्षी औषधाच्या दुकानात काउंटरमागची मुलगी बसूनच "काय हवंय?" म्हणाली, तर माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? 'उठायला काय झालं हिला?' इतक्या टाचण्या शोधलेल्या बाईच्या मनात! समोरच्याने उभं राहिलं म्हणजेच आपला मान राहिला, हे आपल्या हाडीमासी खिळलंय. सगळा दोष दुकानदारावर ढकलून मोकळं होता येत नाही ते म्हणून.

पण कोणी बसलेलं असलं म्हणून मी ते औषध न घेता परत आले का? नाही आले.

परवा भाचीच्या साखरपुड्यासाठी साडी घ्यायला गेले. दुपारची वेळ, दुकान रिकामं. मला मऊ गुबगुबीत स्टूल दिलं आणि समोर विशीतली मुलगी या पायावरचा भार त्या पायावर घेत उभी. मी म्हटलं, "बस गं, बसून दाखव, मला काही घाई नाही." तिने आधी वर कोपऱ्यात बघितलं. मग हळूच विचारलं, "ताई, फोन आला तर तुम्हीच म्हणालात असं सांगाल ना?"

सांगेन म्हटलं. तिने कोपऱ्यातलं एक खोकं ओढलं आणि त्याच्या कडेवर टेकली. फोन आला नाही. आले होते एका साडीला, घेतल्या दोन.