मावशीची गोधडी आणि ‘महिना ५० हजार’वाला मेसेज

परवा रात्री साडेदहाला मावशीचा फोन आला. एवढ्या उशिरा ती कधी करत नाही, त्यामुळे आधी मला वाटलं कोणाचं काही बरंवाईट झालं. तर म्हणाली, "अगं, गूगलवर एक नंबर म्हणजे नक्की काय गं? मी दीड हजार भरलेत." झोपच उडाली.

मावशी राहते कराडजवळच्या एका गावात आणि हाताने गोधड्या शिवते, मशीन नाही, जुन्या सुती साड्यांचे थर आणि धावदोरा. तिच्या बचत गटाच्या ग्रुपवर एक मेसेज आला होता, तुमच्याकडेही आला असेलच, "गृहिणींनो, आपली हस्तकला ऑनलाइन विका, घरबसल्या महिना ५० हजार कमवा." खाली सात मुद्दे आणि प्रत्येकापुढे हिरवी टिकमार्क. आणि सगळ्यात शेवटी एक नंबर, "पूर्ण प्रमोशन पॅकेज फक्त ४,९९९, आज १,५०० भरून जागा बुक करा." मी गेली सात वर्षं वेबसाइटसाठी मजकूर लिहिण्याचं आणि तो लोकांपर्यंत पोचवण्याचं काम करते, म्हणजे हा माणूस जे विकतोय ते माझंच क्षेत्र, म्हणून जास्तच चिडले. मेसेजच्या क्रमाने जात नाही, जिथे डोकं सगळ्यात जास्त फिरलं तिथून सुरुवात करते.

मुद्दा असा: "घरच्या घरी काम असल्याने मजुरी शून्य, त्यामुळे किंमत कमी ठेवा, १,२०० पुरे, येईल तो निव्वळ नफा."

मजुरी शून्य? मावशी दुपारची भांडी झाली की बसते, रोज साधारण तीन तास, आणि डबल गोधडीला तिला अठरा दिवस लागतात. म्हणजे ५४ तास. अस्तर, दोरा, कमी पडलेलं कापड धरून ६५० रुपये जातात. १,२०० मधून ६५० वजा केले की राहिले ५५०, भागिले ५४, तासाला दहा रुपये आणि वर थोडे पैसे. शेजारच्या रानात भांगलायला गेली तर दिवसाचे तीनशे मिळतात आणि चहा वेगळा. डोळे, मान, बोटाला टोचलेली सुई हे तर मी हिशोबात धरलंच नाही.

आता त्याचेच आकडे घेऊन ५० हजार काढून दाखवा. १,२०० ची एक, म्हणजे ४२ गोधड्या. ४२ गुणिले ५४ तास, २,२६८ तास. तीस दिवसांच्या महिन्यात तास असतात ७२०, झोपेसकट, अंघोळीसकट, एकादशीसकट. मावशीने अजून दोन मावश्या भाड्याने आणून तिघींनी रात्रंदिवस न झोपता शिवलं तरी पुरे पडणार नाही, आणि हे ५० हजार म्हणजे नुसता गल्ला, नफा नव्हेच. मेसेज लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी शर्टाचं बटण तरी लावलंय का असा प्रश्न पडतो. तासाला चाळीस रुपये जरी धरले (आणि हे काही फार नाहीत) तरी २,१६० मजुरी अधिक ६५० सामान, २,८१०, त्यात पॅकिंग, म्हणजे तीन हजाराच्या खाली ही गोधडी विकणं म्हणजे वर पैसे देऊन वाटणं. मशीनवर धडाधड निघणाऱ्या रजईशी किमतीत भांडायचं नसतं, तिथे आपण हरणारच.

आणि यातूनच दुसऱ्या मुद्द्याची हवा जाते, "१० हजार फॉलोअर्स मिळवून देतो, विक्री आपोआप." अहो, जिच्या हातातून महिन्याला फार तर दोन गोधड्या निघतात, त्यासुद्धा पाहुणे आले नाहीत तर, तिला १० हजार लोक काय करायचेत? तिला महिन्याला दोन गिऱ्हाईकं पाहिजेत, पण ती मजुरीसकट पैसे देणारी. समजा उद्या खरंच काहीतरी व्हायरल झालं आणि दोनशे ऑर्डर आल्या, तर मावशी दहा वर्षं फक्त माफी मागत बसेल. बरं, हे फॉलोअर्स असतात कोण? विकत मिळणारी खाती, बरीचशी रिकामी किंवा कुठल्या तरी परदेशातली, जी खाली "नाईस पिक डिअर" लिहितात, गोधडीच्या फोटोखाली! इन्स्टाग्रामच्या नियमात हे बसत नाही, अशी खाती ते अधूनमधून उडवतात, आणि जी उरतात ती ना बघतात ना विचारतात, त्यामुळे पोस्ट पुढे कोणाला दाखवण्यासारखी आहे असं त्या यंत्रणेलाही वाटत नाही. म्हणजे पैसे भरून स्वतःच्या दुकानापुढे पुतळे उभे करायचे.

आता तो एक नंबर. पॅकेजमध्ये लिहिलंय, "गूगलवर १ नंबरची लेखी गॅरंटी, १,००० सर्च इंजिनमध्ये सबमिशन, ५०० वेबसाइटवर लिंक, १०० मेटा कीवर्ड." हे वाचून मला हसू आलं आणि मग वाईट वाटलं, कारण मावशीला यातला एकही शब्द कळत नाही आणि नेमकं म्हणूनच तो लिहिलाय. इथे माझं मत बाजूला ठेवा, खुद्द गूगल काय म्हणतं ते बघा. एसईओवाला, म्हणजे वेबसाइट शोधात वर आणून देणारा, नेमावा का, यावर गूगलचं स्वतःचं एक पान आहे, सगळ्यांसाठी खुलं, आणि त्यात स्वच्छ लिहिलंय की गूगलवर पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही. जो अशी हमी देतो, किंवा आमची गूगलशी खास ओळख आहे म्हणतो, त्याच्यापासून सावध राहा असंही तिथेच आहे. वरचा नंबर लावायला गूगल पैसे घेत नाही, हेही ते सांगून थकलेत. जाहिरातीचे पैसे घेतात, पण ती जाहिरात म्हणून वेगळी दिसते. मग ज्या गोष्टीची हमी गूगल देत नाही ती हा ४,९९९ मध्ये लिहून देतो.

बाकीचं पटकन. मेटा कीवर्ड, म्हणजे वेबसाइटच्या कोडमध्ये लपवून लिहिलेले शोधशब्द, क्रमवारीसाठी आम्ही वापरत नाही हे गूगलने २००९ मध्ये जाहीर सांगितलंय. तेव्हा मी शाळेत होते. ५०० वेबसाइटवरच्या भाडोत्री लिंक म्हणजे ज्याच्या विरोधात गूगलने २०१२ च्या एप्रिलमध्ये पेंग्विन नावाचं अपडेट आणलं होतं तीच गोष्ट, फायदा राहिला बाजूला, उलट साइट खाली जायची. आणि १,००० सर्च इंजिन! मला दहा मोजून दाखव म्हणावं. शिवाय गंमत अशी की मावशीची वेबसाइटच नाहीये. तिच्याकडे व्हॉट्सअॅप आहे. एक नंबरला नक्की काय आणणार होता हा, कराडचं बसस्टँड?

पुढचा मुद्दा वाचून मात्र हसू आलं नाही. "नावात पैठणी, वारली, कोल्हापुरी असे शब्द टाका, लोक तेच शोधतात." म्हणजे सुती साडीच्या गोधडीला ‘पैठणी गोधडी’ म्हणायचं. या सगळ्यांना जीआय आहे, भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरलेल्या भागातल्या अस्सल मालालाच ते नाव लावता येतं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालं, आणि तेही नुसतं कोल्हापूरला नव्हे, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. यामागे १९९९ चा कायदा आहे आणि खोटं मानांकन लावणं हा गुन्हा आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला नावही न घेता मिरवल्या तेव्हा याच सगळ्या ग्रुपवर केवढी आग लागली होती, आठवतंय ना? त्यांनी आपलं नाव गाळलं म्हणून आपण ओरडलो, आणि इथे आपल्याच बायकांना सांगतायत की जे नाही ते नाव चिकटवा. कायदा सोडा, जी बाई ‘पैठणी’ बघून पैसे भरेल ती बॉक्स उघडल्यावर काय बोलेल ते ऐकायला हा माणूस नसणार, मावशी असणार.

फोटोंचंही तसंच. "फोटो नेटवरून घ्या, प्रोफेशनल दिसतात." नमुना म्हणून जो फोटो जोडलाय तो जयपुरी रजईचा आहे, मशीनच्या टाक्याची. दुसऱ्याचा फोटो चोरणं तर आहेच, पण गोधडीत लोक बघतात काय? वाकडा-तिकडा टाका, साडीचा मूळ काठ, कुठे रंग उडालाय. तो फोटो तुमच्या अंगणात, सकाळच्या उन्हात, दोरीवर टाकूनच निघतो.

जीएसटीबद्दल मात्र, नाइलाजाने, अर्धं मान्य करावं लागतं. मेसेज म्हणतो "हस्तकलेला जीएसटी नंबर बिलकुल लागत नाही." बिलकुल हा शब्द काढला तर त्यात थोडं खरं आहे. राज्यातल्या राज्यात वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, मावशी तिथे या जन्मी पोचत नाही. राज्याबाहेर माल गेला की एरवी पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते, पण हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना २० लाखांपर्यंत सूट दिलेली आहे, आणि यातला ‘ठरावीक’ हा शब्द महत्त्वाचा, कारण सरकारची कोडसकट यादी आहे, त्यात आपली वस्तू बसते का हे तालुक्याच्या एखाद्या सीएला विचारून घ्या, शिवाय त्यासाठी पॅन आणि ई-वे बिल, म्हणजे माल वाहून नेतानाचा ऑनलाइन कागद, लागतं. मोठ्या मार्केटप्लेसवर विकायचं तर तिसरीच तऱ्हा, १ ऑक्टोबर २०२३ पासून बिननोंदणीच्या लहान विक्रेत्यालाही तिथे परवानगी आहे पण राज्याच्या आतच, आणि आधी जीएसटीच्या पोर्टलवर एन्रोलमेंट नंबर काढावा लागतो. एवढं सगळं ‘बिलकुल नाही’ या दोन शब्दांत बसवलं की पुढची नोटीस ज्याच्या नावाने येते तो मेसेज लिहिणारा नसतो. आणि हो, पॅकेजमध्ये ‘उद्यम नोंदणी ८०० रुपयांत’ असंही आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते. फुकट.

"कुरिअर भारतभर ५० रुपयांत." हे राखीला चालेल. गोधडीचं वजन अडीच किलोच्या आत असतं, पण फुगते किती! ४५ बाय ३५ बाय २० सेंटिमीटरचा बॉक्स झाला तर लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार भागिले ५,००० असं बरेच कुरिअरवाले धरतात, ते येतं ६.३ किलो, आणि पैसे त्या ६.३ चे लागतात, काट्यावरच्या अडीचचे नाही. मावशीला हे कोणी सांगितलंच नव्हतं, पहिली गोधडी पाठवली तेव्हा काउंटरवरच्या पोराशी भांडून आली. आता आम्ही घट्ट गुंडाळून, वर बसून, सुतळीने आवळतो, उंची निम्मी झाली की आकडाही निम्मा. हे बघा, असली एखादी गोष्ट लिहिली असती मेसेजमध्ये तर मीच चार ठिकाणी फॉरवर्ड केला असता.

रीलचं खरं आहे, काय करणार. "रोज रील टाका" यातलं रोज काढा, कारण रोज रील केली तर शिवायचं कधी, पण हाताने टाका घालतानाचा साधा व्हिडिओ लोक बघतात हे मी नाकारत नाही. माझ्या मामेभावाने मोबाईल डब्याला टेकवून तीस सेकंदाचा घेतला होता, मागे कुकरची शिट्टी वगैरे, तो पुण्यातल्या एका बाईंनी बघितला. त्यांच्या आई गेल्या होत्या, कपाटात अकरा साड्या होत्या, टाकवत नव्हत्या आणि नेसवतही नव्हत्या. त्यांनी त्या साड्या मावशीकडे पाठवल्या आणि गोधडी करून घेतली, ३,५०० रुपयांना, आणि घासाघीस केली नाही. त्यांच्याकडून त्यांची नणंद आली. मग नणंदेच्या ऑफिसातली एक. आजच्या घडीला मावशीकडे दिवाळीपर्यंतचं काम आहे, सगळं व्हॉट्सअॅपवरच्या तीन-चार ओळखींतून, आणि तरी त्या मेसेजने तिला वाटायला लावलं की आपण मागे पडलोय. याचा मला खरा राग आहे.

राहिले दीड हजार. मी त्या नंबरवर फोन करून पैसे परत मागितले, अगदी गोड बोलला, "मॅडम, लगेच रिफंड करतो," आणि दहा मिनिटांत मावशीला एक क्यूआर कोड पाठवला, "हा स्कॅन करून पिन टाका, रक्कम जमा होईल." तर हे नीट वाचा आणि आपापल्या मावश्यांना वाचून दाखवा: यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. मावशीने चष्मा शोधेपर्यंत माझा फोन लागला म्हणून वाचली. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय, दीड हजार अजून आलेले नाहीत, आणि तो नंबर बंद आहे. मेसेज मात्र काल संध्याकाळी माझ्या सोसायटीच्या ग्रुपवर परत आला, आता पॅकेज ५,९९९ चं झालंय.