काढलेला पत्ता परत येतो

थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रामात चुकीचा ईमेल पत्ता एकदा शिरला की निघता निघत नाही. एखादं अक्षर गळालेलं असतं, मेल उलट टपाली परत येतो, आपण चिडून अ‍ॅड्रेस बुकातून नोंद उडवतो. पुढच्या वेळी दोन अक्षरं टाइप करताच तोच पत्ता दारात हजर, गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या पोरांसारखा.

थंडरबर्डमध्ये वह्या मुळातच दोन असतात: 'पर्सनल अ‍ॅड्रेस बुक' आणि 'कलेक्टेड अ‍ॅड्रेसेस'. मेल पाठवला की नवा पत्ता न विचारता दुसरीत जाऊन बसतो. आपण झाडतो पहिली. म्हणून आधी सेटिंग्ज, कंपोझिशन, त्याखाली अ‍ॅड्रेसिंग इथे जाऊन 'ऑटोमॅटिकली अ‍ॅड आउटगोइंग ईमेल अ‍ॅड्रेसेस'वरची खूण काढायची, मगच 'कलेक्टेड' उघडून नोंद उडवायची. खूण तशीच ठेवून जुना चुकीचा मेल पुन्हा धाडलात, की पाहुणे परत आलेच. एवढं करूनही पत्ता दिसला, तर फोनवरचे कॉन्टॅक्ट्स कार्डडॅव्हने, म्हणजे पत्ते इंटरनेटवरून जुळवून ठेवणाऱ्या सोयीने, जोडलेत का बघा. ती तिसरी वही.

गल्लीतला जाणकार म्हणेल, "ओ, फाइलच उडवा की!" उडवता येते. गोळा झालेले पत्ते प्रोफाइल फोल्डरातल्या (थंडरबर्ड आपला सगळा डेटा ठेवतो तो फोल्डर) 'हिस्टरी डॉट एसक्यूलाइट'मध्ये असतात. पण थंडरबर्ड आधी पूर्ण बंद करा आणि फाइल काढून न टाकता तिचं फक्त नाव बदला. शेजारीच 'एबुक डॉट एसक्यूलाइट' आहे, म्हणजे आपली पर्सनल वही. हात चुकला तर सोयरेधायरे एका क्लिकमध्ये परागंदा.

याहून अवघड दुखणं बेळगावी आहे. खानापूरपासून निपाणीपर्यंत पाटील किती, ते विचारू नका. त्यातल्या एकाचं नाव देवनागरीत, दुसऱ्याचं कानडीत, तिसऱ्याचं रोमनमध्ये, कारण ज्याने त्याने आपल्या मेलवर तसं लिहिलंय. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक प्रत्येक अक्षराला जो क्रमांक देतो त्या यादीत, देवनागरी 0900 पासून सुरू होते, कानडी 0सी80 पासून. शोधणारं यंत्र अक्षरं जुळवतं, उच्चार नाही. 'पाटी' टाइप केल्यावर कानडीतले पाटील हुं की चूं करत नाहीत. आणि जे दिसतात त्यांत ज्यांना जास्त मेल जातात ते वर. मग मामांना लिहिलेली घरगुती भानगड पतसंस्थेच्या मॅनेजरांकडे पोचते. माझ्या मते उपाय एकच: प्रत्येकाच्या 'निकनेम'च्या रकान्यात रोमनमध्ये आडनाव आणि गाव घाला. शोध तो रकानाही बघतो, आणि दिसणाऱ्या नावाला धक्का लागत नाही.

सभासदांची यादी एक्सेलमधून आणणार असाल तर सेव्ह करताना साधं सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली मजकुराची फाइल) नको, 'सीएसव्ही यूटीएफ-8' निवडा. साध्यात देवनागरी आणि कानडी, दोन्हींची सारखीच प्रश्नचिन्हं होतात. सीमाभागात एवढी समानता दुसरीकडे नाही. आणि मूळ शीट उडवली असेल तर एकेकाला फोन लावून विचारायचं, "ओ, तुमचं नाव काय म्हणालात?"