डोक्यावरून विमान गेलं की

आज सकाळी पुण्याच्या भाच्याने घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. नेदरलँड्समधल्या मारग्रॅटनचा. दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या अमेरिकन सैनिकांची स्मशानभूमी आहे तिथे. पांढऱ्या क्रुसांच्या रांगाच रांगा, खाली गवत असं कापलेलं की पाय ठेवायला भीती वाटावी. माणसं गप्प उभी. मग चार लढाऊ विमानं खालून येतात आणि बरोबर थडग्यांच्या वर आली की चौघांतलं एक सरळ वर ढगात निघून जातं. उरलेली तीन तशीच पुढे जातात, मधली जागा रिकामी ठेवून. 'मिसिंग मॅन' म्हणतात त्याला. मी गवार निवडत होते. तीनदा बघितला.

भाच्याने खाली लिहिलं होतं, 'आपल्या बर्माच्या आजोबांसाठी असं कोणी करेल का?'

त्यावर आमच्या एका दादाचं उत्तर: 'पेट्रोलचा धूर नुसता. आणि आपले आजोबा काय देशासाठी गेले होते? इंग्रजांचे भाडोत्री ते.' पुढे हसणारा चेहरा. त्याला दोन अंगठेसुद्धा आले, घरातल्याच माणसांचे.

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. गवार करपली.

तर मंडळी, हे बर्माचे आजोबा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. ग्वाल्हेर लान्सर्समध्ये होते. शिंदे सरकारची पलटण, १९४४ मध्ये बर्मातल्या आराकानच्या चिखलात जाऊन पडली. लग्नाला दोन वर्षं झाली होती. तार आली ती 'बेपत्ता' अशी. मग काही महिन्यांनी दुसरी तार, आणि पेन्शन. देह नाही, राख नाही, तिथी नाही. त्यांची बायको, आम्ही माई म्हणायचो तिला, ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या घरात पन्नास वर्षं त्यानंतर जगली. सर्वपित्रीला त्यांचं पान वाढायची, तिथीच माहीत नाही तर दुसरं काय करणार. पण कुंकू तिने पुसलं नाही. सासूने एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, मग तीही गप्प बसली. गेले म्हणून पान वाढायचं आणि आले तर म्हणून कुंकू ठेवायचं, एकाच बाईने. आम्हा पोरांना त्यात काही विचित्र वाटायचंच नाही.

आणि विमान. आवाज आला की माई अंगणात. हातातलं टाकून. चहा उतू गेला तरी चालेल. मला कळायला लागलं तेव्हापासून हे बघतेय. १९८५ मध्ये ग्वाल्हेरच्या महाराजपूर हवाई तळावर मिराज लढाऊ विमानं आली, तेव्हा तर दिवसातून चार-पाच वेळा खिडकीच्या काचा थरथरायच्या. साठी उलटलेली बाई, गुडघे गेलेले, तरी भिंत धरून बाहेर. कपाळावर आडवा हात धरायची आणि विमान दिसेनासं झालं तरी उभी. कॉलेजात असताना मी एकदा चिडून म्हटलं, 'अगं माई, ती सरावाची विमानं आहेत, रोजच जातात.' म्हणाली, 'जाऊ देत की. माझं काय जातंय बघायला?'

आता दादाचं. एक मान्य करते, नाहीतर तो इथे येऊन मलाच शिकवेल. सरकारी सलामीत मिरवणं असतंच. २०२० च्या मे महिन्यात हवाई दलाने दवाखान्यांवर फुलं टाकली तेव्हा मीच नाक मुरडलं होतं, याच भिंतीवर. आणि हो, इंग्रजांच्या राजासाठी लढले, खरं आहे. बास.

पण भाडोत्री? पंचवीस लाख माणसं होती त्या फौजेत. पोटासाठी गेली, घराण्याची रीत म्हणून गेली, जमीन मिळेल म्हणून गेली. रायगडातल्या माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे १९४४ च्या जुलैत इटलीत मशीनगनच्या ठाण्यावर एकटे धावून गेले आणि तिथेच पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तोही मरणोत्तर. त्यांनाही थडगं नाही, कासीनोच्या स्मारकावर नाव आहे फक्त. मोंतोने नावाच्या इटालियन गावाने २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभं केलं. इटालियन गावाने! जा, त्यांना सांगून ये, भाडोत्रीचं स्मारक का बांधलंत म्हणून.

आणि आपण काय केलं? दिल्लीत इंडिया गेटवर नावं आहेत ती पहिल्या महायुद्धाची आणि अफगाण लढाईची. २०१९ चं राष्ट्रीय युद्ध स्मारक स्वातंत्र्यानंतरच्या जवानांचं. मधली पाच-सहा वर्षं कुठे गेली? बर्मा, इटली, आफ्रिका, सत्त्याऐंशी हजारांच्या आसपास मेलेली माणसं, ती कुठल्या भिंतीवर? इंग्रज स्वतःची माणसं खडकीच्या सिमेट्रीत आजही सांभाळतात, गुलाब लावून. अर्थात त्यांचंही कौतुक पुरे. इराकमधल्या बसऱ्याच्या पहिल्या महायुद्धाच्या स्मारकावर इंग्रज शिपायाचं नाव कोरलं आणि आपल्या साध्या शिपायांचा नुसता आकडा घातला. माफी मागितली ती २०२१ मध्ये. शंभर वर्षांनी.

पुन्हा चढतेय मी. पाणी पिऊन आले.

मारग्रॅटनबद्दल भाच्याने नंतर फोनवर जे सांगितलं ते सांगते. तिथे आठ हजारांहून जास्त थडगी आहेत आणि एकूण एक थडगं तिथल्या कुणी ना कुणी दत्तक घेतलंय. १९४५ पासून. फुलं आणतात, आणि आईबाप गेले की मुलं ते थडगं पुढे सांभाळतात. दत्तक घ्यायला वेटिंग लिस्ट आहे म्हणे. म्हणजे विमान वरून जातं तेव्हा खाली ते नाव माहीत असलेलं माणूस उभं असतं. मला व्हिडिओत तेच दिसलं, विमान नंतर.

विमानाचं आपल्याकडे अडत नाही हो. २०१९ मध्ये पंजाबातल्या भिसियानाला, कारगिलच्या लढाईत गेलेल्या स्क्वाड्रन लीडर अजय आहुजांसाठी खुद्द हवाई दलप्रमुखांनी मिग-२१ मधून 'मिसिंग मॅन' उडवलं होतं. त्याच वर्षी आमच्या महाराजपूरची मिराज बालाकोटला जाऊन आली तेव्हा हाच दादा गल्लीत पेढे वाटत होता. खाल्ले मी, चार. तेव्हा धुराचा हिशोब नव्हता.

जाऊ दे. मुख्य गोष्ट राहिलीच.

भाच्याने कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या साइटवर आजोबांना शोधून काढलं. रंगूनच्या उत्तरेला तौक्यानमध्ये मोठं स्मारक आहे, ज्यांची थडगी नाहीत अशा जवळजवळ सत्तावीस हजार जणांची नावं दगडी खांबांवर. त्यात आपले एक. नोंद दोन ओळींची. नाव, पलटण, तारीख. हो, तारीख! माईला जन्मभर मिळाली नाही ती तारीख एका वेबसाइटवर पडून होती. आणि त्याखाली इंग्रजीत: अमुकचा मुलगा, अमुकचा नवरा, राहणार लश्कर, ग्वाल्हेर. माईचं नाव आहे तिथे. स्पेलिंग चुकलंय, पण माईच. तिचं नाव रेशनकार्डाखेरीज कुठे छापलेलं मी पाहिलंच नव्हतं.

ती ओळ मी मोठी करून बघत होते आणि वरून मिराज गेलं. शपथ. मी अंगणात गेले. ऊन असं की चपलेशिवाय पाय ठेवता येईना, डोळे दिपले, काही दिसलं नाही, आवाजच तेवढा किल्ल्याकडे जात राहिला.

पंचांगात तिथी काढलीय. यंदा सर्वपित्रीपर्यंत थांबायचं नाही, पान त्याच दिवशी वाढणार.

यंगूनला, म्हणजे रंगूनला, कुणाचं जाणं-येणं असेल तर इनबॉक्समध्ये कळवा, त्या खांबाचा फोटो हवाय. दादाला मी ग्रुपवर उत्तर दिलेलं नाही. परवा त्याची एकसष्टी आहे, श्रीखंड माझ्याकडे आहे. तेव्हा बोलते त्याच्याशी, जेवण झाल्यावर.