खिडकी बंद झाली म्हणून आजीला गप्प बसवायचं?

गेले काही दिवस एक लांबलचक मेसेज फिरतोय. आधी हिंदीत होता, मग कोणीतरी हौसेने मराठीत केला, आणि आता बडोद्यातल्या झाडून सगळ्या मराठी ग्रुपांवर पोचलाय. मथळा आहे, 'मुलाला परदेशी भाषा शिकवताय? आधी हे वाचा!' आत पाच मुद्दे. एक, सातव्या वर्षी मेंदूतली भाषेची खिडकी बंद होते, त्यानंतर नवी भाषा शिकणं म्हणजे पैसे पाण्यात. दोन, आईवडिलांनी मुलाबरोबर शिकायला बसू नये, त्यांचे चुकीचे उच्चार मुलाला जन्माचे चिकटतात. तीन, मूल परदेशी भाषा शिकत असताना घरात मातृभाषा किमान सहा महिने पूर्ण बंद ठेवा, नाहीतर गोंधळ होऊन मूल तोतरं होतं. चार, रोज दोन तास त्या भाषेतली कार्टून लावून द्या, भाषा आपोआप 'बसते'. पाच, नव्वद दिवसांत मूल फाडफाड बोलतं. शेवटी 'हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय' हे आलंच, आणि त्याखाली एका ऑनलाइन वर्गाचा फोन नंबर.

एरवी असलं काही मी न वाचता पुसून टाकते. पण हा मेसेज माझ्या धाकट्या जावेने वाचला आणि मनावर घेतला. दीर नोकरीनिमित्त जर्मनीत आहेत, जाऊ आणि सहा वर्षांचा पुतण्या पुढच्या वर्षी जायचेत. मायलेक संध्याकाळी एकाच पुस्तकावर डोकं घालून जर्मन शिकत होते, छान चाललं होतं. मेसेज आला आणि तिने पुस्तक मिटलं. "वहिनी, माझी खिडकी केव्हाच बंद झालीय. आणि माझे उच्चार त्याला लागले तर तिकडची मुलं हसतील हो." तिने स्वतःपुरतं ठरवलं असतं तर मी समजूत घालून सोडून दिलं असतं. पण पाठोपाठ सासूबाईंनाही सांगण्यात आलं की नातवाशी मराठीत बोलू नका. सासूबाईंना मराठी येतं, गुजराती येतं. जर्मन येत नाही. मग त्यांनी नातवाशी काय करायचं, हातवारे?

म्हणून आधी तिसरा मुद्दा घेते. बाकीचे चार नुसते चुकीचे आहेत, हा घातक आहे.

दोन भाषा कानावर पडल्या की मूल गोंधळतं, हे बडोद्यात बसून कोणी खरं मानू शकतं याचंच मला नवल वाटतं. दांडिया बाजारातलं, रावपुऱ्यातलं कुठलंही मराठी घर घ्या. आजी मराठीत रागावते, खाली गल्लीतली मुलं गुजरातीत भांडतात, टीव्ही हिंदीत चालू असतो, शाळा इंग्रजीत. आपली तीन-चार पिढ्यांची पोरं अशीच वाढली. मेसेजचं खरं मानलं तर अर्धं बडोदं आज तोतरं असायला हवं होतं.

ही भीती जुनी आहे. १९२३ साली वेल्समध्ये सेअर नावाच्या संशोधकाने शाळेतली मुलं तपासून सांगितलं की दोन भाषा बोलणारी खेड्यातली मुलं बुद्धीच्या चाचणीत मागे पडतात. त्या मुलांच्या घरची परिस्थिती काय होती, हे त्याने धडपणे हिशेबातच धरलं नव्हतं. १९६२ साली माँट्रिऑलमध्ये पील आणि लॅम्बर्ट यांनी सारख्या परिस्थितीतली दहा वर्षांची मुलं घेऊन तेच पुन्हा तपासलं, तर फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही येणारी मुलं कुठेच मागे नव्हती, बऱ्याच चाचण्यांत पुढेच होती. या गोष्टीला साठ वर्षं उलटली. वाचादोषावर उपचार करणारे तज्ज्ञही आज दोन भाषांमुळे मूल तोतरं होतं किंवा बोलायचं राहतं असं म्हणत नाहीत. एवढं खरं की अशी मुलं शब्दांची सरमिसळ करतात, आणि एकेका भाषेतला त्यांचा शब्दसाठा एकच भाषा येणाऱ्या मुलापेक्षा काही काळ थोडा कमी असू शकतो. दोन्हींची बेरीज केली की फरक उरत नाही. मेसेजवाल्याने बेरीज केलेली नाही.

आता मातृभाषा 'बंद ठेवण्या'बद्दल. कोरियातून फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या काही मुलांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. ही मुलं तीन ते आठ वर्षांची असताना गेली, म्हणजे कोरियन व्यवस्थित बोलत असणार. पुढे कोरियन कानावरच पडली नाही. मोठेपणी त्यांना वेगवेगळ्या भाषांतली वाक्यं ऐकवली, तर त्यातली कोरियन कुठली हेही त्यांना ओळखता येईना. मेंदूच्या चित्रणातही कोरियन ऐकताना काही वेगळं दिसलं नाही. आईची भाषा, पुसली गेली. लहान मुलाचा मेंदू नवीन चटकन उचलतो असं आपण कौतुकाने म्हणतो, तोच मेंदू जुनं तितक्याच चटकन सोडतो. सहा महिने बंद ठेवून मराठी कायमची जाईल असं मी म्हणत नाही. पण पुढच्या वर्षी हा मुलगा अशा गावात राहायला जाणार आहे जिथे शाळा, मैदान, दुकान सगळं जर्मनमध्ये असेल. जर्मन त्याला तिथे टाळता येणार नाही. मराठी मात्र घरच्यांनी बोलली तरच ऐकू येईल, आणि आम्ही ती निघायच्या आधीच बंद करायला निघालोय!

शिवाय घरात मराठी बंद म्हणजे बोलायचं कशात? जावेला जेवढं जर्मन येतं तेवढ्यात? 'हे सफरचंद आहे. सफरचंद लाल आहे. तुला सफरचंद हवं का?' सहा वर्षांचा मुलगा विचारतो की बाबा आपल्याला सोडून आधी का गेले, विमान पडलं तर काय होतं, आजी आपल्याबरोबर का येत नाही. याचं उत्तर सफरचंदात देता येत नाही. मुलाला विचार करायला, कारण सांगायला, वाद घालायला जी भाषा शिकवते तीच बंद केली तर जर्मन रोवायला जमीन कुठली उरली?

आता खिडकी. हा सातचा आकडा आला कुठून? माझा अंदाज १९८९ च्या एका प्रसिद्ध अभ्यासावर आहे. जॉन्सन आणि न्यूपोर्ट या दोघी संशोधकांनी अमेरिकेत येऊन राहिलेले ४६ चिनी आणि कोरियन लोक घेतले, त्यांना इंग्रजी वाक्यं ऐकवली आणि व्याकरण बरोबर की चूक ते विचारलं. सात वर्षांच्या आत आलेल्यांचे गुण जन्मजात इंग्रजी बोलणाऱ्यांइतके पडले, त्यानंतर आलेल्यांचे वयाप्रमाणे हळूहळू घसरत गेले. मेसेजने एवढंच उचललं असावं. ही उशिरा आलेली मंडळी होती कोण? अमेरिकन विद्यापीठातले विद्यार्थी आणि प्राध्यापक. सगळं शिकणं-शिकवणं इंग्रजीत करणारी. खिडकी बंद झालेल्या माणसाची ही अवस्था असेल तर माझ्या जावेची खिडकी खुशाल बंद राहू दे.

आणि 'हार्वर्ड'? हो, हे मान्य करावं लागतंय की एका मोठ्या अभ्यासाशी हार्वर्डचा संबंध आहे. २०१८ मध्ये हार्टशोर्न, टेनेनबाम आणि पिंकर यांनी सुमारे ६ लाख ७० हजार लोकांची इंग्रजी व्याकरणाची ऑनलाइन चाचणी घेऊन हिशेब मांडला. तिघांपैकी पिंकर हार्वर्डचे. निष्कर्ष काय? व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता साधारण सतराव्या वर्षापर्यंत टिकते, मग उतरायला लागते. सात नव्हे, सतरा. जन्मजात बोलणाऱ्याच्या तोडीला पोचायचं तर दहा-बारा वर्षांच्या आत सुरुवात हवी, कारण तिथपर्यंत पोचायलाच बरीच वर्षं लागतात. या आकड्यांवरही पुढे इतर संशोधकांनी आक्षेप घेतले आहेत. पण सतरानंतर भाषा शिकता येत नाही असं त्यात कुठेही नाही. तिशीत सुरुवात केली तर जर्मन बाईसारखं बोलता येणार नाही, हे अर्धसत्य मी मान्य करते. नामाआधी लागणाऱ्या डेअर, डी, डास या शब्दांतला लिंगांचा घोळ मोठ्यांना आयुष्यभर छळतो, हेही. पण जर्मन बाई व्हायचंय कोणाला? शाळेतल्या बाईंशी बोलता यावं, डॉक्टरला ताप किती दिवस आहे ते सांगता यावं, एवढंच मागणं आहे.

उलट एक गंमत सांगते. १९७८ मध्ये स्नो आणि हूफ्नागेल-ह्योले यांनी नेदरलँड्समध्ये नव्याने राहायला आलेल्या इंग्रजीभाषक लोकांची डच वर्षभर तपासली. त्यात तीन वर्षांच्या पोरांपासून मोठ्या माणसांपर्यंत सगळे होते. पहिल्या काही महिन्यांत सर्वांत भराभर पुढे गेले ते बारा ते पंधराचे आणि प्रौढ. वर्षअखेरीस आठ ते दहा आणि बारा ते पंधरावाली मुलं सर्वांत वर. आणि सर्वांत खाली कोण? तीन ते पाच वर्षांची, म्हणजे ज्यांची खिडकी सताड उघडी होती ती. पुढे अनेक वर्षांत लहान मुलं मोठ्यांना मागे टाकतात, हे खरंच. पण पहिल्या वर्षात, परक्या गावात घर लावायच्या वर्षात, आई मुलापेक्षा पुढे असण्याचीच शक्यता जास्त.

जर्मन सरकारलाही हे ठाऊक दिसतं. नवरा-बायकोपैकी एकाकडे जायचं तर काही अपवाद सोडून व्हिसाआधी ए-१, म्हणजे अगदी पहिल्या पातळीची भाषा दाखवा, असा त्यांचा नियम २००७ पासून आहे. हा नियम मोठ्यांसाठी आहे, सहा वर्षांच्या पोराला कोणी परीक्षा विचारत नाही. मोठ्यांना भाषा येणंच शक्य नसतं तर आख्खा देश वेडा म्हणायचा.

इतक्या लांब तरी कशाला जायचं? आपल्या दांडिया बाजारात अरविंद निवास आहे. अरविंद घोष १८९३ मध्ये बडोद्याला आले तेव्हा वीस वर्षांचे होते. सातव्या वर्षी वडिलांनी त्यांना इंग्लंडला पाठवलं होतं, त्यामुळे इंग्रजी, फ्रेंच, लॅटिन, ग्रीक येत होतं आणि बंगाली जेमतेम. संस्कृत, मराठी, गुजराती ते इथे शिकले, आणि खुद्द स्वतःची मातृभाषाही नीट शिकले ती इथेच. पुढे १९०९ मध्ये 'धर्म' नावाचं बंगाली साप्ताहिक त्यांनी चालवलं. असामान्य माणूस होता, कबूल, त्यांच्याशी बरोबरी कोणी करू नये. मग सयाजीराव महाराज घ्या. कवळाण्याच्या शेतकरी घरातला मुलगा १८७५ मध्ये दत्तक आला तेव्हा बारा वर्षांचा होता आणि लिहिता-वाचता येत नव्हतं. मग मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांचे धडे सुरू झाले. मेसेजवाला तेव्हा असता तर त्याने राजमातांना सांगितलं असतं, उशीर झाला, पोरगा परत पाठवा.

दुसरा मुद्दा, उच्चारांचा. त्या भाषेत वाढलेल्या माणसाकडून मुलाला जास्त आणि चांगलं मिळतं, यात वाद नाही. पण आईचे उच्चार कायमचे चिकटतात हे साफ खोटं. मुलं सवंगड्यांसारखी बोलतात. आमच्या सासऱ्यांची गुजराती ऐकली की रिक्षावाला आपणहून मराठीत बोलायला लागतो, आणि त्यांच्याच मुलांची गुजराती ऐकून हे मराठी आहेत असं सांगूनही पटत नाही. जर्मन शाळेत सहा महिने काढले की पुतण्याच आईचे उच्चार सुधारायला लागेल, आणि तिला ते सहन करावं लागेल.

कार्टूनबद्दल एवढंच की हेही तपासून झालंय. पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना बारा बैठकांत चिनी ऐकवली. समोर बसून खेळवणाऱ्या, वाचून दाखवणाऱ्या माणसाकडून ऐकलेल्या बाळांना चिनी आवाजांतला फरक कळू लागला. तेच पडद्यावर दाखवलं, किंवा नुसतं ऐकवलं, तर काही नाही. सहा वर्षांचा मुलगा बाळ नव्हे, गाण्यातले चार शब्द तो उचलेल. पण दोन तासांत आईच्या वाट्याला जो निवांतपणा येतो तोच त्या कार्टूनचा मुख्य फायदा, आणि त्याला विज्ञान म्हणायची गरज नाही.

राहिले नव्वद दिवस. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या भाषाशाळेत अधिकारी पगार घेऊन, पूर्णवेळ, छोट्या वर्गात शिकतात. सगळे प्रौढ, बरं का. तिथे जर्मनसाठी साधारण ३६ आठवडे धरतात, हिंदीसाठी ४४, जपानीसाठी ८८. आणि हा ऑनलाइन वर्ग नोकरी-घर-शाळा सांभाळून तेरा आठवड्यांत फाडफाड बोलायला लावणार! फोन नंबर दिलाच आहे तर लावून विचारा, नव्वद दिवसांनी परीक्षा कुठली, ए-१ की दोन पायऱ्या वरची बी-१? ए-१ म्हणाले तर ते होण्यासारखं आहे. पण ए-१ म्हणजे नाव, गाव, घड्याळातली वेळ, दुकानातला भाव आणि एक साधं पत्र. तेवढं माझी जाऊ पुस्तक मिटण्याआधी जवळजवळ करतच होती, तेही मुलाला शेजारी बसवून आणि सासूबाईंशी मराठीत बोलत.