सीझरचं 'सीझर' झालं नव्हतं

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर वरचेवर येतो: 'ज्यूलियस हे त्याचं नाव. आईचं पोट कापून जन्मला म्हणून त्याला सीझर म्हणू लागले.' बाळंतपणाचं 'सीझर' आपल्या रोजच्या बोलण्यात असल्यामुळे हे पटकन पटतं. पण ते खरं नाही.

आधी पोट कापण्याचं बघू. रोममध्ये ही शस्त्रक्रिया मेलेल्या किंवा मरणपंथाला लागलेल्या बाईवर करत. सीझरचा जन्म इ.स.पू. १००चा, आई ऑरेलिया इ.स.पू. ५४पर्यंत हयात होती. इ.स.पू. ६२मध्ये सीझरच्या घरी फक्त बायकांची पूजा चालू असताना क्लोडियस नावाचा पुरुष बाईच्या वेषात आत घुसला. तेव्हा याच ऑरेलियाने पूजा थांबवली, दारं लावून घेतली आणि मशाली घेऊन घरभर त्याला शोधलं. मुलाच्या जन्मानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी!

आता 'सीझर'. हे नाव त्याच्या वडिलांचंही होतं. घराण्यातल्या कुणा पूर्वजाला पोट कापून काढलं म्हणून ते पडलं, असं थोरला प्लिनी हा रोमन लेखक सांगतो. शस्त्रक्रियेचं नाव त्या कथेशी जोडलं जातं, एवढं मान्य. पण दाट केसांवरून, घाऱ्या डोळ्यांवरून, अगदी हत्तीवरून नाव पडलं असंही जुने लेखक सांगतात. सीझरच्या एका नाण्यावर हत्ती आहेही.

आणि 'ज्यूलियस' तर कुळाचं नाव. जुलै महिन्याला मिळालं तेही हेच. पाळण्यातलं नाव गायस! रोमन मुलाचं बारसं नवव्या दिवशी व्हायचं. नावं मोजकीच, वापरातली जेमतेम वीसेक, त्यामुळे बहुधा वडिलांचंच थोरल्या मुलाला ठेवत. सीझरचे वडीलही गायसच.

मग हे नाव मागे का पडलं? मला वाटतं, ते शिलालेखांत नुसतं 'सी' असं कोरलेलं असतं, हे एक कारण असावं. जुन्या लॅटिनमध्ये 'क' आणि 'ग' दोन्हींसाठी तेच एक अक्षर होतं. 'ग'साठी वेगळं अक्षर इ.स.पू. तिसऱ्या शतकात आलं, पण संक्षेप जुनाच राहिला.

नाव मात्र घरोघरचं. लग्नात नवरी म्हणे, 'तू गायस, तिथे मी गाया.' सम्राट कॅलिग्युलाचं खरं नाव गायस. मराठी बायबलमध्ये योहानाचं तिसरं पत्र ज्याला लिहिलंय, तोही 'प्रिय गायस'च.