टाकीचा तळ

मासे बदलता येतात, दिवा बदलता येतो, फिल्टरही बदलता येतो. तळ, म्हणजे खाली अंथरलेली खडी किंवा माती, बदलायचा तर अख्खी टाकी उपसावी लागते. आणि नेमकी हीच वस्तू लोक रंगावरून निवडतात! निळी खडी दिसली की माझ्या पोटात गोळा येतो. टाकीतली झाडं पिवळी पडली की हीच मंडळी पाण्याला दोष देणार.

झाडांसाठी खडी १ ते ३ मिलिमीटरची बरी. पिठासारखी वाळू दबून घट्ट बसते, आत प्राणवायू पोचत नाही, आणि काडीने ढवळली की सडक्या अंड्यांचा वास सुटतो. मग आपल्या छंदाविषयी घरचे जे बोलतात, ते इथे लिहिण्यासारखं नसतं. फार जाड खडीत उलटा प्रकार. उरलेलं खाणं फटींत उतरून सडतं आणि सकाळी लावलेलं रोप संध्याकाळी पाण्यावर तरंगतं.

कुठलीही खडी आणली की चमचाभर वाटीत घेऊन वर व्हिनेगर ओता. फसफसली तर तिच्यात चुनखडी किंवा शिंपले आहेत. ती पाणी जड करत राहणार आणि पीएच (पाणी किती आम्ल की अल्क, याचं माप) चढवणार.

ॲक्वासॉइल म्हणजे भाजलेल्या मातीचे दाणे. पीएच सातच्या खाली आणतात, मुळांना जेवू घालतात. पण धुवायचे नाहीत, धुतले की चिखल. शिवाय त्यातले बरेचसे प्रकार पहिले काही आठवडे माशांना विषारी असा अमोनिया सोडतात. पाणी तपासायच्या टेस्ट किटवर अमोनिया आणि त्यापासून बनणारा, तितकाच नकोसा नायट्राइट शून्य येईपर्यंत मासे नकोत, पाणी मात्र वरचेवर बदलायचं. तोवर येणारा प्रत्येक पाहुणा 'मासे कुठायत?' असं विचारणार, याची मानसिक तयारी ठेवावी.

साधी खडी स्वस्त आणि टिकाऊ, पण उपाशी. क्रिप्टोकोरिन आणि ॲमेझॉन स्वोर्ड ही खादाड झाडं, त्यांच्या मुळाशी दर तीन-चार महिन्यांनी रूट टॅब, म्हणजे खताची गोळी, खोचावी लागते.

आता हिशेब. ६० बाय ३० सेंटिमीटरची टाकी, पुढे ४ आणि मागे ८ सेंटिमीटर थर, म्हणजे जवळपास ११ लिटर. खडीत हे १६-१७ किलो भरतं. 'एक पिशवी पुरेल' म्हणणाऱ्याने कंबरेचा विचार केलेला नसतो. पाणी भरताना तळावर ताटली ठेवून तिच्यावर धार सोडा, नाहीतर मागचा उतार पुढे येऊन बसतो.

एवढ्या महागड्या मातीत बरेच जण सगळ्यात आधी अनुबियास आणि जावा फर्न पुरतात. त्यांचं जाड आडवं खोड मातीत गेलं की सडतं. ती दोघं लाकडाला दोऱ्याने बांधायची. तळाला काय घातलंय याच्याशी त्यांना काडीचंही देणंघेणं नसतं.